बटणाचा रंग कोणी ठरवायचा?

आपल्या मासिकाच्या मराठी विभागात दरवर्षी पाऊस, मैत्री, हॉस्टेलची मेस आणि 'इंजिनिअरिंगची ती चार वर्षं' यावर भरपूर लिहून येतं. मी मात्र यंदा एका एवढ्याशा गोष्टीवर लिहायचं ठरवलंय. ती म्हणजे ऑनलाइन क्विझमधलं बटण! बटण, त्याच्या वरचे पर्याय, 'बरोबर' की 'चूक' हे सांगणारी पट्टी आणि सगळ्यात शेवटी येणारं निकालाचं पान. हसू नका. २०२० च्या लॉकडाऊनपासून आपल्या पिढीने जेवढी बटणं दाबली आहेत तेवढी पानं जर्नलमध्ये लिहिली नसतील. मग त्यावर एक लेख व्हायला काय हरकत आहे?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे 'संवादपटलाची वापरसुलभता' असले शब्द मला जमणार नाहीत. आपण कॅन्टीनमध्ये बोलतो तसंच लिहिते, सांभाळून घ्या.

माझं म्हणणं सरळ आहे. क्विझ कशी दिसावी हे आज ती बनवणारा ठरवतो आणि तेही बहुतेक वेळा आदल्या रात्री. ते ठरायला हवं ती सोडवणाऱ्याच्या गरजेवरून. कारण दिसण्यात गडबड झाली तर बनवणाऱ्याचं काही जात नाही, मार्क आपले जातात!

ज्यांचा या सॉफ्टवेअरशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ई-लर्निंगचे कोर्स ज्यात बनवतात त्याला ऑथरिंग सॉफ्टवेअर म्हणतात. पॉवरपॉइंटचा हुशार भाऊ समजा. स्लाइड असतात, आवाज असतो आणि मधे मधे प्रश्न टाकता येतात. प्रश्न टाकला की पर्याय, सबमिटचं बटण, बरोबर-चूकचे संदेश आणि मार्कांची बेरीज हे सगळं तयारच येतं. अडोबीचं कॅप्टिव्हेट यातलं जुनं नाव. त्याचं आधीचं नाव रोबोडेमो. ते बनवणारी ईहेल्प कंपनी २००३ मध्ये मॅक्रोमीडियाने घेतली, २००४ मध्ये सॉफ्टवेअरला कॅप्टिव्हेट हे नाव मिळालं आणि २००५ मध्ये मॅक्रोमीडियाच अडोबीकडे गेली. २०२३ मध्ये अडोबीने ते पूर्ण नव्याने लिहून काढलं, तेव्हापासून जुन्याला 'क्लासिक' म्हणतात. दुसरं आर्टिक्युलेट कंपनीचं स्टोरीलाइन, २०१२ सालचं. तिसरं एचफाइव्हपी. हे नॉर्वेमध्ये २०१३ मध्ये सुरू झालं, फुकट आहे आणि मूडलमध्येही चालतं. मागच्या वर्षी मिनी प्रोजेक्टसाठी आमच्या ग्रुपने फर्स्ट इयरच्या मुलांसाठी 'बेसिक इलेक्ट्रॉनिक्स'चा छोटा कोर्स केला, तेव्हा ही तिन्ही वापरून पाहिली. त्यामुळे जे लिहितेय ते ऐकीव नाही.

तर पहिला मुद्दा, तयार येणाऱ्या शब्दांचा. सॉफ्टवेअर उघडलं, प्रश्न टाकला आणि काहीच बदललं नाही तर काय दिसतं? क्लासिक कॅप्टिव्हेटमध्ये उत्तर बरोबर आलं की एक इंग्रजी वाक्य येतं. त्याचा अर्थ असा : 'बरोबर. पुढे जाण्यासाठी कुठेही क्लिक करा किंवा वाय हे अक्षर दाबा.' आता सांगा, मोबाइलवर क्विझ देणाऱ्या मुलाने वाय कुठून आणायचा? त्याच्यासमोर कीबोर्डच नाही! हे वाक्य डेस्कटॉपच्या जमान्यातलं. पण 'तयार आलंय, असू दे' म्हणून ते तसंच पुढे जातं.

त्याहून वाईट म्हणजे निकालाचं पान. तिथे पासची रेषा मुळात ८० टक्क्यांवर ठेवलेली असते आणि खाली आलात तर 'सॉरी, यू फेल्ड' असा संदेश तयार असतो. आपल्या विद्यापीठात थिअरीला ४० टक्क्यांना पास! म्हणजे दहापैकी सात बरोबर आणणारा मुलगा पेपरात फर्स्ट क्लासमध्ये आणि सरावाच्या क्विझमध्ये नापास. ८० चा आकडा वाईट आहे असं मी म्हणत नाही. एखाद्या कंपनीत आग लागल्यावर काय करायचं याचं ट्रेनिंग असेल तर ८० सुद्धा कमीच. पण डायोडच्या सरावाला, ज्याचे मार्क कुठेच धरायचे नाहीत, तिथे 'नापास' हा शब्द हवाच कशाला? डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला एखादा मुलगा आधीच एम-थ्रीच्या धसक्यात असतो. रात्री अकरा वाजता आपणहून सरावाला बसल्यावर त्याला हे वाचायला मिळालं तर तो दुसऱ्यांदा ती क्विझ उघडेल का?

हे बदलायला किती वेळ लागतो? प्रिफरन्सेसमध्ये जाऊन टक्के आणि दोन वाक्यं बदलायची. पाच मिनिटं! एचफाइव्हपीमध्ये तर मार्कांच्या पट्ट्यांप्रमाणे वेगवेगळा संदेश देता येतो. ० ते ४० ला 'डायोडचा भाग पुन्हा एकदा वाच', ४० ते ७० ला 'पाया पक्का आहे, गणितं अजून कर', वगैरे. सोय आहे, वापरायची इच्छा हवी.

दुसरा मुद्दा आकाराचा. इथेच मार्क जातात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पर्यायासमोर गोल असेल तर एकच निवडायचा आणि चौकोन असेल तर एकाहून जास्त निवडता येतात, हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की आपण ते वाचतसुद्धा नाही, नुसतं पाहतो. गोलाला 'रेडिओ बटण' का म्हणतात माहितेय? जुन्या गाड्यांमधल्या रेडिओवर स्टेशनची बटणं असायची. एक दाबलं की आधी दाबलेलं टक्कन वर यायचं. एका वेळी एकच स्टेशन! ती कल्पना तिथून स्क्रीनवर आली. म्हणजे तो गोल नुसता गोल नाही, ती एक सूचना आहे.

आता होतं काय, क्विझ बनवणाऱ्याला ते गोल-चौकोन बोअर वाटतात. मग तो पर्यायांच्या जागी छान गोलाई दिलेले निळे आयत टाकतो, सावली देतो. दिसायला सॉलिड! पण गोलही गेला आणि चौकोनही गेला. एक निवडायचा की अनेक, हे आता कळणार कसं? सेकंड इयरला एका विषयाच्या ऑनलाइन चाचणीत नेमकं हेच झालं. वीस प्रश्नांपैकी चार प्रश्नांना दोन-दोन उत्तरं बरोबर होती. सगळ्या प्रश्नांचे पर्याय दिसायला हुबेहूब सारखे. 'योग्य ते सर्व पर्याय निवडा' ही ओळ होती, पण प्रश्नाच्या वर, फिकट राखाडी रंगात, बारीक अक्षरात. मोबाइलवर प्रश्न वाचायला खाली सरकवलं की ती ओळ स्क्रीनबाहेर. अर्ध्याअधिक वर्गाने एकेकच पर्याय निवडला आणि चारही प्रश्नांचे शून्य मार्क घेतले. वीसपैकी चार म्हणजे किती ते केटी लागलेल्यांना विचारा! तक्रार केल्यावर उत्तर मिळालं, 'सूचना दिलेली होती.' होती हो. पण दिसत नव्हती, त्याचं काय? त्या चाचणीत आमचा अभ्यास मोजला की नजर मोजली, असा प्रश्न मला अजूनही पडतो.

यावर उपाय म्हणजे डिझाइन करूच नका, असं नाही. स्टोरीलाइनमध्ये हवा तो आकार पर्याय म्हणून वापरता येतो आणि प्रत्येक आकाराला 'स्टेट' देता येतात. साधी स्थिती, माउस वर नेल्यावरची, निवडल्यावरची, बंद असतानाची. आयत ठेवा की! पण त्याच्या डाव्या कोपऱ्यात छोटा गोल किंवा चौकोन काढा आणि निवडल्यावरच्या स्थितीत तो भरलेला दाखवा. दहा मिनिटांचं काम. गंमत अशी की बहुतेक जण सगळी हौस 'माउस वर नेल्यावर' या स्थितीवर खर्च करतात. चमकतं काय, मोठं होतं काय! मोबाइलवर माउसच नसतो, त्यामुळे ती मेहनत कोणाला दिसतही नाही. आणि 'निवडलेला' ही स्थिती, जी प्रत्येकाला लागते, ती बिचारी एक छटा गडद करून सोडून दिलेली असते. उन्हात, बसमध्ये, ब्राइटनेस कमी केलेल्या फोनवर ती एक छटा कोणाला ओळखू येणार?

आता रंग. इथे सगळ्यांची मतं असतात, म्हणून मी मत बाजूला ठेवून आधी गणित मांडते. वेबवरच्या मजकुराचा रंग आणि मागचा रंग यांच्यात किती फरक हवा याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, डब्ल्यूसीएजी नावाचा. २००८ सालच्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीपासून नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी हा फरक किमान ४.५ : १ असावा असं सांगितलंय. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ : १, सगळ्यात जास्त. आता शुद्ध लाल रंग पांढऱ्यावर घ्या. येतो साधारण ४ : १. नापास! शुद्ध हिरवा घ्या, १.४ : १ सुद्धा येत नाही. म्हणजे पांढऱ्या पानावर भडक हिरव्यात लिहिलेलं 'बरोबर' हे जवळजवळ न लिहिल्यासारखंच. आपल्याला 'हिरवं म्हणजे ठीक' एवढं कळतं, अक्षरं आपण वाचलेलीच नसतात. लाल आणि हिरवा दोन्ही गडद घेतले की हिशोब सुटतो.

पण खरी अडचण पुढे आहे. माझ्या बॅचमध्ये एक मित्र आहे, त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये रेझिस्टरचे पट्टे तो नेहमी पार्टनरला विचारतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण बारात एकाला असा त्रास असतो, आपल्याकडे प्रमाण त्याहून कमी आढळतं, पण शंभर-दीडशे मुलांच्या बॅचमध्ये दोन-चार जण असणार हे धरून चाला. बाईंपेक्षा बुवांमध्ये हे कितीतरी जास्त, कारण त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. आता या मित्राला क्विझनंतरचा आढावा दाखवा. पाच पर्याय, एक हिरवा, एक लाल, बाकी पांढरे. तो म्हणतो, 'दोन पर्याय मातकट दिसतात. त्यातला माझा कोणता आणि बरोबर कोणता?' एक बरोबरची खूण आणि एक फुली टाकली असती तर प्रश्नच मिटला असता. शिवाय 'तुझं उत्तर' आणि 'बरोबर उत्तर' असे दोन शब्द लिहिले तर मग कोणालाच अडायला नको.

आणि हे करता येतं याचा पुरावा आपण सगळ्यांनी पाहिलाय! जेईई मेनची कॉम्प्युटरवरची परीक्षा आठवा. उजव्या बाजूला प्रश्नांच्या आकड्यांचा तक्ता होता. न उघडलेला प्रश्न राखाडी चौकोनात, उत्तर दिलेला हिरवा, उघडून सोडून दिलेला लाल, 'नंतर पाहू' म्हणून खूण केलेला जांभळा गोल आणि उत्तर देऊन वर खूणही केलेली असेल तर त्याच जांभळ्या गोलावर छोटी हिरवी खूण. रंग बदलला की आकारही बदलतो. शेजारी कोणत्या प्रकारचे किती, तेही लिहिलेलं आणि कशाचा अर्थ काय, हेही तिथेच. ती शेवटची छोटी हिरवी खूण सगळ्यात महत्त्वाची. कारण परीक्षेत पोटात गोळा आणणारा प्रश्न हाच असतो, की 'मी रिव्ह्यूला टाकलंय, पण उत्तर धरतील ना?' धरतात. ती खूण तेच सांगते. त्या स्क्रीनला सुंदर कोणी म्हणणार नाही. पण तीन तासांत मला एकदाही 'आता हे काय?' असं वाटलं नाही. माझ्या मते चांगली क्विझ ती हीच.

तिसरा मुद्दा आपल्या मराठीचा. तुम्ही म्हणाल, इंजिनिअरिंगमध्ये मराठी क्विझ कुठे? जेईई मेन २०२१ पासून मराठीसकट १३ भाषांत होते. त्याच वर्षी एआयसीटीईने भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली आणि पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये कॉम्प्युटरचा कोर्स मराठीतून सुरू झाला. म्हणजे मराठी प्रश्न येणार, येत आहेत. पण ही सगळी सॉफ्टवेअर इंग्रजी अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून बनलेली. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबाने ठेवलं आणि चौकटीची उंची बांधून टाकली की वरचं-खालचं कापलं जातं. 'वर्गमूळ' हा शब्द घ्या. वरचा रफार गेला, खालचा ऊकार गेला की उरतं 'वगमळ'! सोडवा आता.

त्यासाठी मराठी क्विझमध्ये ओळींमधलं अंतर वाढवा, बटणं थोडी उंच करा आणि फॉन्ट देवनागरीसाठी नीट आखलेला घ्या. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' आहे, गूगलचा 'नोटो सान्स देवनागरी' आहे, दोन्ही फुकट. आपला मराठी 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळे लिहिले जातात. काही फॉन्टमध्ये ही मराठी रूपं दडलेली असतात आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं सांगितलं की ती आपोआप येतात. आणि जोर देण्यासाठी तिरकी अक्षरं वापरू नका, देवनागरीला ती शोभत नाहीत, ठळक करा.

पण फॉन्टपेक्षा शब्द जास्त फसवतात. 'स्किप'च्या बटणावर काय लिहाल? आमच्या ग्रुपमधल्या एकीने सुचवलं, 'प्रश्न सोडा'. लगेच दुसरी म्हणाली, 'अगं, घाईत ते "प्रश्न सोडवा" असं वाचलं जाईल!' एका अक्षराचा फरक आणि अर्थ बरोब्बर उलटा. शेवटी आम्ही 'नंतर बघू' लिहिलं. 'क्लिअर'ला 'उत्तर पुसा', 'रिव्ह्यू'ला 'उत्तरं तपासा' ('पुनरावलोकन' वाचेपर्यंत वेळ संपेल) आणि 'सबमिट'ला 'सबमिट'च ठेवलं, कारण सबमिशन हा शब्द आपल्यापैकी कोणाला शिकवावा लागत नाही! कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे असेल, पण मला वाटतं, बटणावर शुद्ध मराठी हवं की इंग्रजी हा वादच तिथे नको. दाबणाऱ्याला क्षणात कळला तो शब्द खरा.

आता काही जण म्हणतील, 'हे सगळं ठीक, पण प्रश्न चांगले असणं महत्त्वाचं, रंगरंगोटी काय करायचीय?' अगदी मान्य. वाईट प्रश्नाला सोन्याचं बटण लावलं तरी तो वाईटच. पण उलटही तितकंच खरं आहे. चांगला प्रश्न विचारणाऱ्या सरांची सगळी मेहनत त्या फिकट राखाडी ओळीने पाण्यात जाते. पेपर छापताना अर्धी ओळ पुसट आली तर आपण सुपरवायझरला हाक मारतो, ते येतात, फळ्यावर दुरुस्ती लिहितात. ऑनलाइन क्विझमध्ये हाक कोणाला मारायची?

दुसरा आक्षेप वेळेचा. प्रत्येक स्लाइडवर हे करत बसायला वेळ कोणाला आहे? हा आक्षेप खरा आहे, पण तो पद्धत चुकल्यामुळे आहे. एकेक स्लाइड रंगवायचीच नसते. क्लासिक कॅप्टिव्हेटमध्ये ऑब्जेक्ट स्टाइल मॅनेजर आहे. तिथे प्रश्नाचा, पर्यायांचा, संदेशांचा नमुना एकदा ठरवला की सगळीकडे लागू होतो आणि तो नमुना दुसऱ्या प्रोजेक्टमध्येही नेता येतो. बटणांवरचे आणि संदेशांचे शब्द डिफॉल्ट लेबल्समध्ये एकदाच बदलायचे, तेही पहिला प्रश्न टाकायच्या आधी. स्टोरीलाइनमध्ये फीडबॅक मास्टर आहे, बरोबर-चूकच्या सगळ्या खिडक्या तिथून बदलतात. आम्ही डोकेफोड करून हा नमुना बनवला तेव्हा एक पूर्ण शनिवार गेला. त्यानंतरचे चाळीस प्रश्न दोन संध्याकाळीत झाले. प्रत्येक डिपार्टमेंटने असा एकच नमुना करून सगळ्यांना दिला तर कोणत्याच सरांना किंवा मॅडमना पुन्हा रंगात हात बुडवायला नको. शिवाय प्रत्येक विषयाच्या क्विझचा तोंडवळा एकच राहिला तर आपल्यालाही दर वेळी नव्याने शिकावं लागणार नाही.

तिसरा आक्षेप माझ्याच मैत्रिणीचा. 'मुलांना विचारून रंग ठरवलेत तर प्रत्येक जण आपल्या आवडत्या आयपीएल टीमचा रंग मागेल!' हेही खरं. म्हणून मी मतदान घ्या असं म्हणत नाहीये. विचारण्यापेक्षा बघा. क्विझ सुरू करण्याआधी पाच मुलांना ती द्या. एक मराठी माध्यमातून आलेला, एक रंगांचा त्रास असलेला, एक स्वस्तातला छोटा फोन वापरणारा आणि दोन कोणीही. त्यांच्या शेजारी गप्प बसा आणि बोट कुठे अडखळतं ते टिपून घ्या. बोट म्हटलं म्हणून सांगते, डब्ल्यूसीएजीच्या २०२३ च्या आवृत्तीत दाबायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल असावी असं घातलंय. कारण बारीक गोलावर अंगठा टेकवताना शेजारचाच पर्याय निवडला जातो, हा अनुभव सगळ्यांचाच!

आणि पाच मुलंही मिळाली नाहीत तर आमच्या ग्रुपची 'झेरॉक्स टेस्ट' करा. क्विझचा स्क्रीनशॉट घ्या, कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याची ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढा. त्या प्रिंटमध्ये निवडलेला पर्याय कोणता, बरोबर कोणता, एक निवडायचा की अनेक, हे तिन्ही कळलं तर क्विझ पास. नाही कळलं तर परत जा आणि खुणा घाला. खर्च अगदी किरकोळ!

आमच्या 'बेसिक इलेक्ट्रॉनिक्स'चा तो नमुना आम्ही डिपार्टमेंटच्या सर्व्हरवर ठेवलाय. कोणत्याही विषयाला वापरा, बदला, शिव्या द्या, पण वापरा. माझी मागणीही एवढीच आहे. ज्या ऑनलाइन चाचणीचे मार्क धरले जाणार आहेत, ती आधी पाच विद्यार्थ्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय लावू नये. छापील पेपरला प्रूफ तपासतात, मग याला का नको? क्लास रिप्रेझेंटेटिव्ह मंडळींनी पुढच्या मीटिंगमध्ये हा मुद्दा घ्यावा, अशी विनंती.

शिवाय मित्रांनो, उद्या आपल्यापैकी कितीतरी जण कंपन्यांमध्ये जाऊन असेच कोर्स, असेच फॉर्म, अशीच स्क्रीन बनवणार आहोत. कोणी बँकेची, कोणी हॉस्पिटलची, कोणी रेल्वे तिकिटाची. तिथे चूक झाली तर चार मार्कांवर भागणार नाही. तेव्हा बटणाचा रंग कोणी ठरवायचा हे आजच ठरवून टाकूया. मी म्हणते, ते दाबणाऱ्या बोटाने! बघा, पटतंय का.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी